पदवीनंतर वकिली : कॉलेज निवडण्याआधी कोर्ट निवडा

तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीचा निकाल लागला की पदवीधरांच्या घरात पसंतीक्रमाच्या अर्जावरून खल सुरू होतो. कोणी बी.कॉम. करून बँकेत लागलेलं असतं, कोणी इंजिनीअर, कोणी बी.एस्सी. झालेली आणि आता मुलं शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा शिकायचं ठरवलेली. महाराष्ट्राच्या या सीईटीला वयोमर्यादा नसल्यामुळे बाविशीतला मुलगा आणि पन्नाशीतला अधिकारी एकाच बाकावर बसतात. अर्जात पहिल्या ओळीवर कोणत्या कॉलेजचं नाव टाकायचं, हा प्रश्न मात्र बहुतेकजण एकाच पद्धतीने सोडवतात. सीईटी सेलने जाहीर केलेले मागच्या वर्षीचे कटऑफ काढायचे, वरून खाली नावं उतरवायची आणि मोकळं व्हायचं.

बारावीनंतर इंजिनीअरिंगचं कॉलेज निवडताना ही रीत काही प्रमाणात चालून जाते, कारण तिथे कंपन्या कॉलेजच्या दारात येतात. वकिलीत तसं नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे मिळणारी सनद सगळ्यांची सारखीच असते. मुंबईच्या शंभर-दीडशे वर्षं जुन्या कॉलेजातून आलेल्याला आणि तालुक्याच्या गावी शिकलेल्याला महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल एकच सनद देते आणि त्याच कायद्याच्या कलम ३० प्रमाणे दोघांनाही देशातल्या कोणत्याही कोर्टात उभं राहता येतं. फरक पडतो तो त्या तीन वर्षांत कोणत्या कोर्टाचे जिने चढले, कोणत्या वकिलांच्या ऑफिसात बसायला मिळालं आणि बाररूममध्ये किती जण नावाने ओळखू लागले यावर. म्हणून कॉलेजच्या यादीला हात घालण्याआधी आपल्याला कोणत्या कोर्टात काम करायचं आहे, हे ठरवणं जास्त गरजेचं आहे.

दुसऱ्या विषयातून कायद्याकडे वळणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट. लोकमान्य टिळकांनी १८७७ मध्ये गणित घेऊन बी.ए. केलं आणि १८७९ मध्ये एलएलबी. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर डेक्कन कॉलेजातून एम.ए. झाले, मग पुण्याच्या लॉ कॉलेजातून एलएलबी करून मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करू लागले आणि १९६४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. ते आयएलएस लॉ कॉलेज त्या काळी नवंकोरं होतं, १९२४ चं. उलट मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राच्या मोठमोठ्या पदव्या घेऊन कायद्याकडे आले आणि १९३५ मध्ये या कॉलेजचे प्राचार्य झाले. या मंडळींच्या कामात त्यांची पहिली विद्या कधी वाया गेली नाही. आजच्या पदवीधरानेही कॉलेजची निवड त्याच धाग्यावर करावी : आपल्या आधीच्या शिक्षणाला किंवा नोकरीला जोडून घेणारं काम कुठल्या शहरात आहे?

वाणिज्य शाखेचा पदवीधर किंवा सीए असेल आणि कंपन्यांचे वाद, दिवाळखोरी, रोखे बाजार यात रस असेल, तर मुंबईला पर्याय नाही. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं खंडपीठ, रोखे अपील न्यायाधिकरण, उच्च न्यायालयाची मूळ शाखा हे सगळं तिथे आहे. सॉलिसिटर होण्याची परीक्षा आणि त्यासाठीची आर्टिकलशिप हाही मुंबईचाच मार्ग. फोर्ट-चर्चगेटच्या परिसरातल्या कॉलेजांचं खरं मोल इथे कळतं. शासकीय विधी महाविद्यालय असो, के. सी. लॉ असो की पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ असो, सकाळची लेक्चर्स आटोपून विद्यार्थी चालत उच्च न्यायालयात किंवा सॉलिसिटर फर्ममध्ये पोचतो. बोरिवली किंवा कल्याणच्या पुढून रोज लोकलने येणाऱ्याने मात्र हा हिशेब वेळ धरून मांडावा. येण्याजाण्यातच चार तास गेले, तर जवळच्या कोर्टाचा फायदा कागदावरच राहतो.

पर्यावरणशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकलेल्यांसाठी पुण्याचं एक वैशिष्ट्य फारसं बोललं जात नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. नदीपात्रातला भराव, कारखान्यांचं सांडपाणी, खाणी अशा प्रकरणांत पाण्याच्या नमुन्याचा अहवाल वाचता येणारा ज्युनिअर सीनियरला सोन्यासारखा वाटतो. सरकारी नोकरीत अनेक वर्षं काढलेला माणूस असेल, तर बढती, बदली, विभागीय चौकशी हे विषय त्याला तोंडपाठ असतात. अशा वादांचं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे बसतं. त्याने नागपूरचं विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय वरच्या क्रमांकावर ठेवलं, तर त्यामागे पक्कं कारण आहे. दोन्ही शहरांत उच्च न्यायालयाचं खंडपीठही आहे.

आणि ज्याला गावातच राहायचं आहे, सातबारा, वाटणी, वहिवाट, भूसंपादनाचा मोबदला, सहकारी सोसायट्यांचे वाद हेच काम करायचं आहे, त्याने मुंबई-पुण्याच्या नावामागे धावू नये. जिल्ह्याच्या ठिकाणचं बरं कॉलेज त्याला जास्त देईल. दिवाणी दाव्यांचे पक्षकार ओळखीतून येतात आणि त्या ओळखी तीन वर्षं परगावी काढली तर पातळ होतात.

कोल्हापूरचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली कामं आता तिथे चालतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या वकिलांनी यासाठी अनेक दशकं आंदोलन केलं. आता मिरजेची एखादी बी.एस्सी. झालेली मुलगी कॉलेज निवडत असेल, तर दोन वर्षांपूर्वीचा सल्ला तिला लागू होत नाही. तेव्हा उच्च न्यायालय बघायचं तर रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागत होती. आज कोल्हापुरात १९३३ पासून चालत आलेल्या शहाजी लॉ कॉलेजात शिकणाऱ्याला याच शहरात रिट याचिकेची सुनावणी बघता येते. कटऑफच्या तक्त्यात हा बदल दिसायला वेळ लागेल. निवड करणाऱ्याने तो आधीच हेरावा.

सिंधुदुर्गाच्या मुलांपुढे आणखी एक वाट असते ती गोव्याची. सावंतवाडी-दोडामार्गहून पणजी जवळ. मिरामारचं साळगावकर कॉलेज आणि मडगावचं कारे कॉलेज ही तिथली नावाजलेली विधी महाविद्यालयं. सनद देणारी बार कौन्सिल दोन्ही राज्यांची एकच असल्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. पण गोव्यात घराण्याची मालमत्ता, विवाह, वारसा यांचे कायदे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतले आहेत. वारसांच्या वाटपासाठी तिथे इन्व्हेंटरीची वेगळी कार्यवाही चालते आणि त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. पुढे गोव्यात वकिली करायची असेल, तर हे तिथेच शिकलेलं बरं. कणकवली किंवा कुडाळच्या कोर्टात बसायचं असेल, तर त्याचा उपयोग मर्यादित.

शहर ठरलं, की नोकरीचा प्रश्न येतो आणि इथे सर्वाधिक फसगत होते. ‘बाहेरून एलएलबी’ असा प्रकार अस्तित्वात नाही. दूरशिक्षणाने कायद्याची जी काही पदविका, प्रमाणपत्रं मिळतात त्यांवर सनद मिळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे आठवड्याला ३० तासांचं अध्यापन अपेक्षित आहे, वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. अपवाद म्हणून एखाद्या विषयात ६५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण तेव्हाही एकूण हजेरी ७० टक्के हवी. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरीचा आग्रह धरला आणि विद्यार्थी अन्यत्र नोकरी करत असेल तर त्याची माहिती व ना हरकत प्रमाणपत्र मागायला कॉलेजांना सांगितलं. हजेरीच्या नियमांवरून न्यायालयांत वाद झाले आहेत आणि होत राहतील; पण त्यांच्या भरवशावर प्रवेश घेणं म्हणजे तीन वर्षं पणाला लावणं.

‘या कॉलेजात यायची गरज नाही, फी भरा आणि परीक्षेला या,’ असं सांगणारे भेटतात. नोकरदाराला हे ऐकून हायसं वाटतं. खरं तर याच कॉलेजांपासून दूर राहावं. नियमात न बसणारी हजेरी उद्या अंगाशी येते, हे एक. त्याहून मोठा तोटा असा, की तीन वर्षांनी हातात पदवी असते आणि साधा मुदतवाढीचा अर्ज लिहिता येत नसतो. सकाळच्या सत्राचं कॉलेज, ऑफिसपासून जवळचं, आणि वरिष्ठांची लेखी परवानगी ही जुळणी होत असेल तर नोकरी सांभाळून एलएलबी होते. जमत नसेल, तर एक वर्ष थांबून रजेची किंवा बदलीची सोय करणं शहाणपणाचं.

कॉलेज पाहायला स्वतः जावं, आणि तेही शनिवारी दुपारी नव्हे, चालू सत्रातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी. वेळापत्रक फलकावर लागलेलं असतंच. त्यात जो तास लिहिला आहे त्या वर्गात डोकावून पाहावं. साठ बाकांवर सातजण असतील तर वेगळी चौकशी करायची गरज उरत नाही. मग ग्रंथालयात जावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली; फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. कपाटात नव्या तिन्ही कायद्यांची भाष्यं आहेत का, की जुन्या आवृत्त्यांवरच धूळ बसली आहे, हे दोन मिनिटांत दिसतं. जुनी पुस्तकंही लागतात, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या संहितेखालीच चालू आहेत. पण नवी अजिबातच नसतील तर ग्रंथालयाकडे कोणाचं लक्ष नाही, असं समजावं. निवाडे शोधायचा ऑनलाइन डेटाबेस विद्यार्थ्यांना खरंच वापरायला मिळतो का, हेही तिथेच विचारावं.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकाची वही. एखाद्याला विनंती करून ती बघावीच. मसुदालेखनाच्या विषयात १५ अर्ज-दावे आणि १५ दस्त लिहायचे असतात : वादपत्र, कैफियत, जामीन अर्ज, खरेदीखत, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र. अभिरूप न्यायालयाच्या विषयात शंभरापैकी ३० गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहण्याचे, आणि आणखी ३० पक्षकाराशी वकील कसं बोलतात, कागद कसे दाखल होतात याच्या नोंदींचे. चांगल्या कॉलेजातल्या वहीत खटल्याचा नंबर, कोर्टाचं नाव, तारखा, साक्षीदाराच्या उलटतपासणीतले दोन-तीन प्रश्न आणि विद्यार्थ्याने त्यावर खरडलेली शंका असते. शिक्षकांचा लाल शेरा असतो. वाईट कॉलेजातल्या दहा वह्या उघडल्या तर दहांत तोच खटला, तीच वाक्यं, झेरॉक्सच्या दुकानातून आलेली. या एका तपासणीने जे कळतं, ते माहितीपत्रकाच्या शंभर रंगीत पानांतून कळत नाही.

इंटर्नशिपचंही तसंच. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप नियमाने आवश्यक आहे. ती कॉलेज मिळवून देतं, की ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून सोडून देतं? घरात पूर्वी कोणी वकील नसलेल्यांसाठी हा प्रश्न निर्णायक आहे. वकिलांच्या मुलांना काकांचं ऑफिस असतं. बाकीच्यांना कॉलेजच्या चिठ्ठीचाच आधार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी जोडलेलं कायदेविषयक सहाय्य केंद्र कॉलेजात खरोखर चालत असेल, तर ते फार मोठं बलस्थान. तिथे पोटगीसाठी आलेली बाई समोर बसते तेव्हा प्रश्न कसे विचारायचे आणि कधी गप्प राहायचं, हे शिकायला मिळतं.

कागदपत्रांच्या बाजूला दोन गोष्टी आधीच तपासाव्यात. पहिली, कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची चालू वर्षाची मान्यता आहे का. ही मान्यता मुदतीची असते आणि ‘प्रस्ताव पाठवला आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. दुसरी, आपली स्वतःची पात्रता. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण बारावी न होता थेट मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी एलएलबीसाठी चालत नाही. आपल्याकडे अशा पद्धतीने पदवीधर झालेले, विशेषतः लवकर शाळा सुटलेल्या स्त्रिया आणि कामगार, बरेच आहेत. त्यांनी सीईटीची फी भरण्याआधी ही बाब नीट तपासून घ्यावी.

खर्चाचा आवाका कॉलेजप्रमाणे फार बदलतो. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांची फी खूपच कमी, विनाअनुदानितची त्याच्या अनेकपट असू शकते. विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि संकेतस्थळावर जाहीर करतं. त्याहून जास्त मागितली तर पावती मागावी आणि तक्रार करावी. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच मिळतो, म्हणून व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा अडवण्याआधी आपलं कॉलेज व अभ्यासक्रम त्या योजनेत बसतात का ते पाहावं.

पैशांचा हिशेब पदवीपाशी थांबवूनही चालत नाही. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे सनदेसाठीची नोंदणी फी खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये यापलीकडे घेता येत नाही. पूर्वी हजारो रुपये जात. पण ज्युनिअरशिपची पहिली वर्षं ओढाताणीचीच. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती सक्ती नाही आणि जिल्हा कोर्टांत तेवढं क्वचितच मिळतं. महागड्या कॉलेजसाठी कर्ज काढणाऱ्याने हप्ते कधी सुरू होतात हे या आकड्यांशेजारी ठेवून बघावं.

भाषेबद्दल मनात धास्ती असलेले अनेक आहेत. राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी आहे, उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. सीईटी दोन्ही भाषांत देता येते आणि राज्यातल्या अनेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. तरीही वर्गात शिकवतात कोणत्या भाषेत, हे विचारून घ्यावं. पूर्ण मराठीत शिकवणाऱ्या कॉलेजात पास होणं सोपं जातं, पण निवाडे इंग्रजीत वाचायची सवय लागत नाही. निव्वळ इंग्रजीत शिकवणाऱ्या कॉलेजात मराठी माध्यमाचा विद्यार्थी पहिल्या सत्रात गप्प बसतो. कायदा इंग्रजीत वाचून मराठीत समजावणारे शिक्षक जिथे आहेत ते कॉलेज निवडावं, मग त्याचा कटऑफ दहा गुणांनी खाली का असेना.

न्यायाधीश व्हायचं मनात धरून येणाऱ्यांसाठी गणित अलीकडेच बदललं. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पदवीनंतर थेट एमपीएससीचा क्लास लावून बसण्याचा रस्ता बंद झाला. अखिल भारतीय बार परीक्षेची तयारी करायची आणि त्याच वेळी कोर्टात उभं राहायचं, असा तो काळ असणार. अशा विद्यार्थ्याला नुसतं परीक्षा करून घेणारं कॉलेज पुरत नाही. पदवीनंतर लगेच कोणाच्या तरी ऑफिसात रुजू होता येईल अशा ओळखी शिकतानाच तयार व्हायला हव्यात.

राज्याबाहेरचे पर्यायही आहेत. दिल्ली विद्यापीठाची विधी शाखा तीन वर्षांच्या एलएलबीसाठी जुनी आणि मातब्बर. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानेही २०२२ पासून हा अभ्यासक्रम सुरू केला. कंपनी किंवा संशोधनाच्या कामाकडे ओढा असेल तर त्यांच्यासाठीच्या प्रवेशपरीक्षा जरूर द्याव्यात. परत येऊन नगर किंवा जळगावच्या कोर्टात बसायचं असेल, तर मात्र ओळखी पुन्हा पहिल्यापासून जोडाव्या लागतील.

अर्ज पक्का करण्याआधी एक दुपार जिल्हा न्यायालयात काढावी. दोनच्या सुमारास, मधल्या सुट्टीत, बाररूममध्ये सनद मिळून दोन-तीन वर्षं झालेले ज्युनिअर डबा खात बसलेले असतात. कोणत्या कॉलेजात शिकलात, तिथले कोणते सर अजून शिकवतात, पहिला जामीन अर्ज लिहायला कोणी शिकवलं, सीनियर कसे मिळाले, एवढं त्यांना विचारावं. ही मंडळी मोकळेपणाने बोलतात. त्यांच्या तोंडून दोनदा-तीनदा ज्या कॉलेजचं नाव चांगल्या अर्थाने येईल, ते पसंतीक्रमात वर चढवावं आणि मुदतीच्या आदल्या रात्री संकेतस्थळ अडकण्याआधी अर्ज पक्का करून त्याची प्रत काढून ठेवावी.